‘सॉरी’ची दोनशे बारा कार्डं

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी संपादकांनी ड्रॉवर ओढला आणि ते ओरडले, “‘सॉरी’ कुठे गेलं?”

शब्दकोशाच्या कचेरीत असली ओरड नवी नव्हती. मागच्याच आठवड्यात ‘ओके’ दिवसभर सापडत नव्हतं, ते शेवटी चहाच्या ट्रेखाली निघालं. त्यामुळे आधी कुणी मानही वर केली नाही. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा मात्र त्यांचा आवाज चिरकला.

“दोनशे बारा कार्डं! एकसुद्धा नाही!”

तेव्हा सगळे उठले. सगळे म्हणजे तिघं.

एक भाऊ. शब्द गोळा करणारे, कोशाच्या भाषेत संकलक. अठ्ठावीस वर्षं हा माणूस रांगांमध्ये उभं राहून आणि दवाखान्यांच्या बाकांवर बसून लोकांचं बोलणं टिपत आला होता. दुसरी टकटक. कार्डांवरचा मजकूर संगणकावर चढवणारी मुलगी, आठ महिन्यांपूर्वी लागलेली. बोटं इतकी झरझर चालायची की हे नाव आपोआप पडलं, आणि तिलाही ते आवडायचं. तिसऱ्या काकू, मुद्रितशोधक. बावीस वर्षं प्रुफं तपासून त्यांचं असं झालं होतं की कुठल्याही गोष्टीतली चूक त्यांना आधी दिसे आणि गोष्ट नंतर.

कोश होता रोजच्या इंग्रजी शब्दांचा. मराठी माणूस ‘सॉरी’ कधी म्हणतो, कुणाला म्हणतो, आणि म्हणायचं नसेल तेव्हा त्याच्याऐवजी काय काय म्हणतो, असं एकेका शब्दाचं सगळं कूळ त्यात यायचं होतं. त्यासाठी सहा लोखंडी कपाटं भरून कार्डं. प्रत्येक कार्डावर ऐकलेलं वाक्य, कोण कुणाला म्हणालं, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि समोरच्याने काय उत्तर दिलं. भिंतीवर पाटी होती: ‘ऐकलेलंच लिहायचं.’ या कचेरीत उशिरा येणं चाले, डुलकी काढणं चाले, पण मनचं वाक्य लिहिणाऱ्याला दारात उभं करत नसत.

गुरुवारी कोशाला अनुदान देणारी समिती येणार होती. नमुना म्हणून संपादकांनी ‘सॉरी’चीच नोंद निवडली होती. समितीतले लोक छापील पानावर विश्वास ठेवत नाहीत. मूळ कार्ड हातात घेऊन बघतात. कार्डं नाहीत म्हणजे नमुना नाही, आणि नमुना नाही म्हणजे कोशाला टाळं.

“शनिवारी कोण होतं या ड्रॉवरशी?” संपादकांनी विचारलं.

आणि काकू बोलून गेल्या. त्यांच्या जिभेला हाड नाही असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, ते काही खोटं नव्हतं.

“टकटकच तर बसली होती मी निघाले तेव्हा,” चष्मा पुसता पुसता त्या म्हणाल्या. “खाली न्यायला रद्दीचा गठ्ठाही तिनेच बांधला होता.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणूनच त्या वाईट लागल्या.

“बॅग दाखव,” संपादक म्हणाले.

टकटकने बॅग टेबलावर उपडी केली. डबा, रुमाल, बसचा पास, तुटक्या दात्यांचा कंगवा. सगळ्यांनी तो कंगवा बघितला आणि सगळ्यांना उगीच लाज वाटली. कार्डं नव्हती.

“सर, मी टाईप करून तशीच ठेवली होती. देवाशपथ.”

“कार्डं मिळेपर्यंत येऊ नकोस. मिळाली की कळवू.”

ती वस्तू गोळा करायला लागली. एरवी मिनिटात पान उडवणारी बोटं, त्यांना रुमालाची घडीसुद्धा घालता येईना. दारात तिने एकदा काकूंकडे बघितलं. काकू प्रुफात बघत होत्या. प्रूफ उलटं होतं.

*

दुपारचा डबा काकूंना गेला नाही.

‘मी काय खोटं बोलले? जे दिसलं ते सांगितलं,’ असं त्यांनी स्वतःला चार वेळा समजावलं. पाचव्यांदा समजूत पटेना, तेव्हा त्या उठल्या आणि तो ड्रॉवर ओढून त्यापुढे बसल्या. बोलण्याआधी बघायला हवं होतं. आता बोलून झाल्यावर बघणं म्हणजे वरातीमागून घोडं असाच प्रकार, पण निदान बघायला तरी हवंच.

ड्रॉवरमधल्या प्रत्येक कार्डाला खाली भोक असतं आणि सगळ्या कार्डांतून एक पितळी सळई जाते. कार्ड काढायचं तर पुढची मूठ फिरवून सळई बाहेर ओढावी लागते. ज्याने कार्डं नेली होती त्याने सळई पुन्हा नीट घातली होती. मूठ घट्ट पिळली होती. मागचा टेकू पुढे सरकवून उरलेली कार्डं सरळ उभी केली होती. चोर इतका टापटिपीचा?

आणि जिथे ‘सॉरी’ची कार्डं असायची, तिथे एक पिवळी चिठ्ठी होती.

या कचेरीत कार्ड बाहेर काढलं की त्याच्या जागी पिवळी चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर तारीख आणि सही. काकूंनी चिठ्ठी उलटसुलट केली. दोन्हीकडून कोरी.

त्या बराच वेळ ती चिठ्ठी धरून बसल्या. चोरी करायला आलेला माणूस चिठ्ठी का ठेवेल? ठेवायची म्हणून कुणी ठेवणार नाही. हाताला सवय आहे म्हणूनच ठेवेल. हाताने ठेवली, आणि सही करायच्या वेळी डोकं भानावर आलं.

टकटकला पिवळी चिठ्ठी कधी लक्षात राहिली होती? आठ महिन्यांत याच एका गोष्टीवरून तिने संपादकांची सहा वेळा बोलणी खाल्ली होती.

म्हणजे हा हात जुना होता. आणि कचेरीत जुने हात तीनच होते. त्यातला एक काकूंचा स्वतःचा, आणि तो यात नव्हता एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

पोरीला घालवून सहा तास झाले होते.

*

मंगळवारी त्यांनी आधी संपादकांना गाठलं.

“सर, शनिवारी तुम्ही किती वाजता निघालात?”

“अकरालाच. छापखान्यात होतो संध्याकाळपर्यंत. का? आता माझी झडती घेणार?”

“घेतली तर चालेल ना?”

संपादकांनी चष्म्यावरून बघितलं. “छापखान्यात फोन करा. तिथल्या तिघांनी माझी कटकट ऐकलीय दिवसभर.”

काकूंनी खरंच फोन केला. तिघांनीही ‘ऐकली’ म्हणून सांगितलं, आणि फार मनापासून सांगितलं.

मग त्या खाली वॉचमनकाकांकडे गेल्या.

“शनिवारी वर शेवटी कोण होतं?”

“ती मुलगी दीडला गेली. मला रद्दी देऊन गेली, पिशव्या करायला. मीच सोडला गठ्ठा. पेपर नि तुमची लाल शाईची प्रुफं.”

“कार्डं नव्हती त्यात? जाड, हाताएवढी?”

“एवढं कळतं हो मला. नव्हती.”

काकूंनी कपाळाला हात लावला. हा प्रश्न सोमवारीच विचारला असता तर? दोन जिने उतरायचे होते फक्त.

“आणि तिच्यानंतर?”

“भाऊ आले होते ना परत. पाऊणलाच गेले होते ते, दोनला परत आले. छत्री विसरली म्हणाले. अर्ध्या तासाने गेले.”

“जाताना हातात काय होतं?”

“काही नाही. हात हलवत गेले.”

दोनशे बारा कार्डांचा गठ्ठा विटेपेक्षा मोठा होतो. तो घेऊन हात हलवत जाता येत नाही. जिना चढता चढता काकूंच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, पण डोकं जोरात चाललं होतं.

भाऊ खिडकीशी बसून कार्डं लिहीत होते. बारीक, सरळ अक्षर. मागच्या खिळ्याला त्यांची काळी छत्री लटकत होती.

“भाऊ, शनिवारी परत आला होतात म्हणे?”

“हो. छत्री राहिली होती.”

“मिळाली का?”

“मिळाली की.”

“तेव्हा ड्रॉवर ठीक होता?”

“मी बघितला नाही. छत्री घेतली नि निघालो.” थोडं थांबून भाऊंनी विचारलं, “त्या पोरीचं काय झालं? काही कळलं?”

“तुम्हाला काय वाटतं, तिने घेतली असतील?”

भाऊंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “लहान आहे हो ती. होतं कधी इकडचं तिकडे. सापडतील. गुरुवार झाला की सापडतील सुद्धा.”

“गुरुवार झाला की का?”

“म्हणजे, गडबड संपली की. आपण शोधू ना निवांत.”

काकू वळून आपल्या जागेकडे गेल्या. एकदा घाईने बोलून बसल्या होत्या, तेवढं पुरे होतं. शिवाय भाऊंवर संशय घ्यायचा म्हणजे त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं. बावीस वर्षांचा शेजार.

कार्डं खोलीबाहेर गेली नसतील तर खोलीतच असणार. आणि कार्डांनी भरलेल्या खोलीत कार्डं कुठे लपवावीत? काकू एकेक ड्रॉवर ओढत निघाल्या. पाच वाजले. सगळे गेले. शेवटच्या कपाटात तळाला एक्सचा ड्रॉवर. त्यात ‘एक्स-रे’ आणि ‘झेरॉक्स’ची पाचपन्नास कार्डं, बाकी सगळा रिकामा, ओढला की खडखडायचा. त्या दिवशी तो मुका होता आणि जड होता.

‘सॉरी’ तिथे होतं. सळईत ओवलेलं, अनुक्रमांकाने लावलेलं. या हाताला लपवायचं होतं, पण पसारा करवत नव्हता.

काकूंनी मोजली. दोनशे एक.

पुन्हा मोजली. दोनशे एकच.

लगेच संपादकांना फोन करावा, पोरीला बोलवावं, असं मनात आलं. पण संपादक काय म्हणाले असते? ‘तिनेच चुकीच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, अकरा हरवली.’ ती वेंधळी ठरली असती. चोर नाही तर वेंधळी. नाव पूर्ण धुऊन निघायला हवं, अर्धं नाही. काकूंनी ड्रॉवर लोटला. पोरीची आणखी एक रात्र आपल्या नावावर जमा झाली, हे त्यांना घरी जाताना बसमध्ये कळलं.

*

बुधवारी सकाळी त्यांनी टकटकने टाईप केलेली सगळी प्रत काढली. दोनशे बारा वाक्यं. एकेका कार्डाशी ताडून खुणा करत गेल्या. पंचविसाव्या पानानंतर त्यांना प्रूफ तपासतोय याचाच विसर पडला, इतकी माणसं त्यात बोलत होती.

‘सॉरी हं, पाय लागला.’ बसमध्ये, अनोळखी बाई अनोळखी बाईला. उत्तर: ‘असू दे.’

‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ खणलेल्या रस्त्यावरची पाटी. उत्तर, चालणाऱ्या गृहस्थांचं: ‘आहात कसले!’

‘क्षमस्व, जागा संपल्या.’ दवाखान्याचा कारकून. उत्तर: ‘मग आजारी कधी पडू ते तुम्हीच सांगा.’

‘बरं बाई, चुकलं माझं, बास?’ नवरा बायकोला, भाजीच्या दुकानात. उत्तर: ‘बास काय बास?’

‘सॉरी म्हटलं ना एकदा!’ शाळकरी मुलगा बहिणीला. उत्तर: पाठीत धपाटा.

‘राग मानू नका, पण’, ‘मनावर घेऊ नकोस गं’, ‘जाऊ दे ना आता, जेवायला चल’. घरातली माणसं घरातल्यांची माफी शब्दाने मागतच नव्हती. पानंच्या पानं वाचली तरी नव्हती.

आणि मग ती अकरा वाक्यं, ज्यांची कार्डं ड्रॉवरमध्ये नव्हती. काकूंनी ती एकाखाली एक लिहून काढली. वाचली. मग हजेरीची जुनी वही मागवली, मग नव्या कार्डांची आवक-वही. अकरा वर्षांपूर्वीच्या जूनपाशी आल्या आणि त्यांनी वही मिटली.

गुन्हेगार सापडल्यावर माणसाला बरं वाटत असेल असा त्यांचा समज होता. त्यांना फक्त तिथून उठून जावंसं वाटलं.

*

तीन वाजता संपादकांच्या खोलीत तिघंच होती. काकूंनी दार लोटून घेतलं.

“कार्डं सापडली सर. एक्सच्या ड्रॉवरमध्ये. दोनशे एक.”

संपादकांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे त्या मुलीने—”

“तिचं नाव घेऊ नका. आधी ऐका.” काकूंनी कोरी पिवळी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “ज्याने कार्डं काढली त्याने ही ठेवली. टकटक चिठ्ठी ठेवत नाही, त्यावरून तुम्ही तिला किती बोललात तुम्हालाच ठाऊक. रद्दी वॉचमनकाकांनी स्वतः सोडलीय, त्यात कार्डं नव्हती. तुम्ही छापखान्यात होता. मी शनिवारी बाराला घरी गेले, ते तुम्ही माझ्या घरी विचारा. उरलं कोण?”

संपादकांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ जमिनीकडे बघत होते.

“भाऊ, छत्री न्यायला परत आला होतात. पण जाताना हात रिकामे होते, वॉचमनकाकांनी बघितलंय. ती अजून तुमच्या मागच्या खिळ्याला आहे.”

“काकू, पण भाऊ कशाला घेतील? स्वतःचीच कार्डं?” संपादक म्हणाले.

“दोनशे बारा नकोच होती त्यांना. अकरा हवी होती. पण कार्डांना क्रमांक असतात. अकराच काढली असती तर मधल्या रिकाम्या आकड्यांवरून कोणती गेली ते लगेच कळलं असतं. म्हणून सगळा गठ्ठा हलवला.” काकूंनी कागद पुढे केला. “ही ती अकरा. सगळ्यांवर एकच नोंद: बाप, मुलीला, फोनवर. जागा वेगवेगळ्या. कधी टपाल कचेरी, कधी बाग, कधी दवाखाना. उत्तराची जागा सगळ्यांत कोरी. भाऊ, बावीस वर्षांत तुम्ही उत्तराची जागा कोरी सोडलेली मी पाहिली नाही. पाठीतला धपाटासुद्धा तुम्ही लिहिता.”

“फोनवरचं उत्तर ऐकू येत नाही,” भाऊ पुटपुटले.

“फोनवरची बाकी चौदा कार्डं आहेत. तिथे तुम्ही लिहिलंय, ‘उत्तर ऐकू आलं नाही, पण बोलणारा हसला.’ इथे तेही नाही. आणि तारखा बघा सर. बारा जून. पुढच्या वर्षी बारा जून. त्याच्या पुढच्या वर्षी बारा जून. दर वर्षी त्याच दिवशी कुणी ना कुणी बाप भाऊंच्या शेजारी उभं राहून मुलीची माफी मागतो, असं कसं होईल?”

काकूंनी कागद टेबलावर ठेवला.

“ही वाक्यं कुणी बोललेलीच नाहीत,” काकू म्हणाल्या. पुढचं बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. “अकरा वर्षांपूर्वी बारा जूनला भाऊंची रजा आहे. कारण, मुलीचं लग्न. तेरा तारखेला यांनी आपल्याला मिठाई वाटली होती. लग्न थाटात झालं म्हणाले, मी दोन तुकडे खाल्ले, आठवतंय मला. पण आवक-वहीत त्याच तेरा तारखेला भाऊंची नऊ नवी कार्डं जमा आहेत. नऊही बस स्टँडच्या वेटिंग रूममधली. पहिलं बारा जून सकाळी आठ चाळीसचं. शेवटचं संध्याकाळी सहाचं.”

भाऊंनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

“तिकीट काढलं होतं मी,” हातांच्या आडून ते म्हणाले. “तिने माझ्या मनाविरुद्ध ठरवलं म्हणून मी नाही नाही ते बोललो होतो. मुलाच्या घरच्यांदेखत. तरी तिने पत्रिका पाठवली, खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘बाबा, याच.’ आठची बस होती. लागली, भरली, सुटली. मी बाकावरून उठलोच नाही. कुठल्या तोंडाने जायचं? मग दुसरी होती नऊची. मग अकराची. आजूबाजूला लोक बोलत होते. हात रिकामा राहवेना, म्हणून लिहीत बसलो.”

“आणि पुढे दर वर्षी?”

“दर वर्षी फोनपर्यंत जायचो. काय म्हणायचं ते आधी लिहून काढायचं, म्हणजे तोंडातून निघेल, असं वाटायचं. खिशात कार्डंच असतात हो माझ्या, दुसरा कागद कुठला असणार? लिहायचो, आणि फोन न लावता परत यायचो. फाडवत नव्हतं. मग ठेवून द्यायचो ड्रॉवरमध्ये. एवढ्या गर्दीत कोण बघतंय.”

संपादकांनी नमुना पानाचं प्रूफ पुढे ओढलं. वरच्या वाक्याभोवती त्यांनी स्वतः लाल गोल काढला होता. ‘चूक माझी होती आणि मी ती तुझ्यावर टाकली. सॉरी, बाळा.’ शेजारी शेरा: ‘फार सुंदर. हेच पहिलं उदाहरण घ्या. समितीला मूळ कार्ड दाखवू.’

“शुक्रवारी तुम्ही हे दाखवलंत,” भाऊ म्हणाले, “आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. समिती विचारणार, कुठे ऐकलं, कोण होतं. त्या पाटीखाली अठ्ठावीस वर्षं बसलो सर मी. सगळ्यांना तीच पाटी शिकवली.”

“आणि टकटक?” काकूंनी विचारलं.

“वाटलं, गुरुवार झाला की कार्डं सापडली म्हणून सांगेन. मिटेल.”

“तुमचं मिटलं असतं. तिचं काय?” काकू ताडकन म्हणाल्या. “बॅग उपडी केली तिने. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात भाऊ. एक शब्द नाही बोललात.” मग त्यांनी स्वतःकडे बोट केलं. “आणि जी बोलली ती मी.”

संपादकांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “झडती तर मीच घेतली,” ते म्हणाले. “आता कुणाला दारात उभं करायचं ते सांगा.”

भाऊंनी खिशातून अकरा कार्डं काढून टेबलावर ठेवली. संपादकांनी ती मोजून एका पाकिटात घातली, आणि पाकीट भाऊंपुढे सरकवलं.

“ही कोशात राहणार नाहीत. ऐकलेली नाहीत ही. ज्या बाईने ऐकायची तिला पाठवा. समितीला मी सांगेन की अकरा नोंदी रद्द केल्यात, आणि का ते तुम्ही स्वतः त्यांना सांगाल. उद्याच.”

“पत्ता आहे माझ्याकडे,” भाऊ म्हणाले. ते रडत होते.

*

टकटकचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, त्याभोवती शाळेच्या गणवेशांचे निळे ढीग. काकू आणि भाऊ दारात उभे राहिले. भाऊ कोपऱ्यावरच थबकले होते. काकूंनी त्यांना दंडाला धरून आणलं होतं.

टकटकच्या आईने मशीन थांबवलं. “अगंबाई! तुम्ही त्या काकू ना? या, या. पोरगी रोज नाव काढते तुमचं. पण ती ऑफिसातच आहे की. तुम्हाला नाही भेटली?”

काकूंनी भाऊंकडे बघितलं.

“सकाळी डबा घेऊन गेली, साडेनऊला. काल पण उशीरच झाला यायला. म्हणाली काम वाढलंय.” आईने दोन गणवेश उचलून खुर्च्या मोकळ्या केल्या. “बसा, येईलच. चांगलं सांभाळता तुम्ही तिला. नवीन जागी कोण एवढं करतं?”

दोघं बसली. आई बोलत राहिली आणि काकू ‘हो’ ‘हो’ करत राहिल्या. कुणी भर रस्त्यात चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं.

सव्वासहाला टकटक आली. हातात डबा. काकूंना बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आईकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि नुसत्या डोळ्यांनी विनवलं.

“काही नाही गं,” काकू घाईने म्हणाल्या. “उद्या लवकर ये, समिती येणार आहे, एवढं सांगायला आलो. जरा कोपऱ्यापर्यंत येतेस?”

कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीशी ती थांबली. भाऊंनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही वाक्य न गाळता. शेवटी म्हणाले, “मी गप्प राहिलो. माझ्या मुलीसारखी तू. मला माफ कर.” आणि मान खाली घालून ते बाजूला झाले.

मग काकू. “मी न तपासता बोलले. सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. मला लाज वाटते गं माझी. चुकले मी.”

टकटक डब्याच्या कडीशी चाळा करत होती.

“दोन दिवस बागेत बसले,” ती म्हणाली. “तिथला माळी विचारायला लागला, म्हणून मग बाजाराकडे गेले. डबा कुठे खायचा तेच कळत नव्हतं.” मग तिने मान वर केली. “काकू, एक विचारू?”

“विचार ना.”

“कार्डं सापडली नसती, तर तुम्ही आला असतात?”

काकूंच्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. मघापासून त्या तेच म्हणत होत्या, अजून एकाने काय बिघडलं असतं? मुलगी त्यांच्याकडे रोखून बघत होती.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “नसते आले बहुतेक.”

टकटकने मान हलवली. आईने घरातून हाक मारली तशी ती वळली, दोन पावलं गेली, थांबली.

“उद्या दहाला येते मी,” ती म्हणाली. “आत्ता म्हणालात ते सगळं सगळ्यांसमोर म्हणा. हे शेवटचं पण.”

“म्हणते,” काकू म्हणाल्या, आणि ती घरात जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.